चहाची वही आणि माझी शुगर: दुकानात बसून सवयी कशा बदलायच्या?



मागच्या व्हिडिओत आपण डेड स्टॉक कसा शोधायचा ते बघितलं. त्यावर एका मित्राने विचारलं, "दादा, रॅकवरचा डेड स्टॉक कळला, पण गल्ल्यावर बसून बसून पोटावर चढलेल्या स्टॉकचं काय करायचं?" वाचून मी हसलो. मग वाटलं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण हा स्टॉक माझ्याकडेही होता, आणि थोडा अजूनही आहे.

आज त्यावर लिहितो. मी डॉक्टर नाही. मी कराडात इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान चालवतो, आणि दुकान कसं चालवायचं ते तुम्हाला सांगतो. त्यामुळे इथे औषधाचं काही सांगणार नाही. सवयीचं सांगणार आहे, आणि तेही दुकानदाराच्या भाषेत.

एक रिपोर्ट आणि एक जुनी आठवण

दोन वर्षांपूर्वी मी टर्म इन्शुरन्स काढायला गेलो. वय ३४. मेडिकल टेस्ट ही नुसती औपचारिकता आहे असं समजून रक्त देऊन आलो. रिपोर्टमध्ये एचबीए१सी ६.२ आलं.

ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आज सकाळची शुगर म्हणजे आजची रोकड. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. मी उंबरठ्यावर उभा होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. काही दुखत नव्हतं, काही खुपत नव्हतं.

मी एकटा नव्हतो. आयसीएमआरच्या मदतीने झालेलं इंडिआब नावाचं देशभरातलं मोठं सर्वेक्षण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि त्याशिवाय सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर, असा अंदाज दिला आहे. म्हणजे तुमच्या बाजारपेठेतल्या एका ओळीत चार-पाच शटर तरी अशी निघतील.

पण मला आकड्यांची भीती नाही वाटली. मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांनी उभं केलं. मी कोल्हापूरला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा गोडाऊनमध्ये त्यांच्या पायात खिळा गेला. त्यांना तो कळलाच नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी मोजा काढताना रक्त दिसलं. जखम भरली नाही, पाय काळा पडायला लागला, आणि उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. अण्णांचं वय तेव्हा ५२.

त्या काळात दुकान ४० दिवस धड उघडलं नाही. दोन कॉन्ट्रॅक्टर कायमचे दुसरीकडे गेले. उधारीची अर्धी वही अण्णांच्या डोक्यात होती, ती वसूल व्हायला वर्ष गेलं. मी शनिवार-रविवार कोल्हापूरहून एसटीने येऊन गल्ल्यावर बसायचो आणि सोमवारी पहाटे परत जायचो.

आपल्या धंद्यात मालकाची तब्येत हीच दुकानाची पहिली मशिनरी आहे. ती बंद पडली तर बदली माणूस मिळत नाही. ६.२ चा कागद हातात धरून मी हाच विचार करत होतो, आणि समोर चहा आला. मी तो प्यायलो. तेही लक्षात न येता.

१ जानेवारीचा फसलेला सेल

मग मी सगळे करतात तेच केलं. १ जानेवारीपासून चहा बंद, साखर बंद, रात्री भात बंद, पहाटे साडेपाचला प्रीतिसंगमावर चालायला जायचं. नवीन बूट घेतले. कुठेतरी ऐकलं होतं की २१ दिवस केलं की सवय लागते. म्हटलं, २१ दिवस काढू कसेतरी.

नवव्या दिवशी संपलं. आदल्या रात्री माल उतरवायला साडेअकरा झाले होते. पहाटे उठलो नाही. उठलो नाही म्हणून चिडलो, चिडलो म्हणून चहा घेतला, आणि एक घेतलाच आहे तर म्हणून दिवसभर घेतला. बूट आठ महिने कपाटात होते.

पुढे या २१ दिवसांचा शोध घेतला. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यातला 'किमान' शब्द गळून पडला आणि २१ दिवस जगभर फिरत राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नाही.

मी नवव्या दिवशी दुकान बंद केलं होतं. खरं तर फक्त एक दिवस बोहनी झाली नव्हती.

आधी मोजा, मग बोला

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टपरीवाले मामा महिन्याची वही घेऊन आले. बिल ६,७६० रुपये. दहा रुपयाला एक चहा, म्हणजे ६७६ कप. मी बिल देताना नेहमी कुरकुर करतो, त्या दिवशी मात्र थांबलो. म्हटलं, यातले माझे किती?

मी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, "शेठ, तुमचा असा वेगळा हिशोब कोण ठेवणार? तुमचं नाव घेऊनच सगळे येतात."

मग मी तुम्हाला जे शिकवतो ते स्वतःवर केलं. काही बदलायचं नाही, फक्त नोंद. बिल बुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक चहाला एक रेघ, आणि रेघेपुढे दोन शब्द: का घेतला. सहा दिवसांत ६६ रेघा झाल्या. घरचा सकाळचा धरून दिवसाला ११.

तुम्ही मला विचारलं असतं तर मी शपथेवर "चार-पाच" सांगितलं असतं.

आता साखर बघा. मामा एका कपाला साधारण दीड चमचा टाकतात. चमचा पाच ग्रॅमचा धरा. अकरा कपांची झाली सुमारे ८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. मी फक्त चहातून ८० ग्रॅम घेत होतो. महिन्याला दोन किलोच्या वर. घरी किराणा भरताना पाच रुपये किलोमागे वाचवायचे म्हणून आम्ही होलसेलमध्ये जातो, आणि इथे दोन किलो साखर माझ्या पोटातून चाललेली, कुठेही नोंद नाही.

पण खरी गंमत पुढच्या दोन शब्दांत होती. एका दिवसाचं पान असं होतं:

- सकाळी घरी, उठल्यावर: १
- शटर उघडल्यावर, कामगारांबरोबर: १
- गिऱ्हाईक, वायरमन, कॉन्ट्रॅक्टर यांच्याबरोबर: ४
- कंपनीचा सेल्समन आला म्हणून: १
- जेवल्यावर झोप येते म्हणून: १
- उधारीवरून डोकं तापलं म्हणून: १
- संध्याकाळी भूक लागली म्हणून: १
- रात्री हिशोब करताना: १

नीट वाचा. यात चहाची तलफ म्हणून घेतलेले चहा दोनच, सकाळचे. बाकीचे नऊ चहा नाहीतच. त्यातले पाच म्हणजे संबंध आहेत, एक झोप आहे, एक राग आहे, एक भूक आहे, आणि एक नुसता हात रिकामा आहे म्हणून आहे. मी ज्याला 'माझी चहाची सवय' म्हणत होतो त्या पाच-सहा वेगवेगळ्या सवयी होत्या. सगळ्या एकाच कपात येत होत्या, एवढंच.

म्हणून "चहा बंद" हा माझा निश्चय टिकला नाही. झोप, राग, भूक आणि माणसं बंद कशी करणार?

प्रत्येक इशाऱ्याला दुसरं उत्तर

सवयीचं यंत्र सोपं आहे. काहीतरी इशारा मिळतो, आपण ठरलेली गोष्ट करतो, त्यातून थोडं बरं वाटतं. हे शेकडो वेळा झालं की मेंदू विचार करायचं सोडून देतो. रोज येणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण "काय पाहिजे" विचारत नाही, थेट माल काढतो, तसंच. त्यामुळे सवय मोडायची म्हणजे जोर लावायचा नाही. इशारा तोच ठेवायचा, हातात दुसरी वस्तू द्यायची. नाहीतर इशाराच नजरेआड करायचा.

मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर नावाच्या संशोधकाने यासाठी एक साधी पद्धत मांडली आहे: "अमुक झालं, की मी तमुक करेन" असं आधीच ठरवून ठेवायचं. "मी साखर कमी करेन" हा संकल्प झाला. "वायरमन आला, की माझा बिनसाखरेचा अर्धा" ही ऑर्डर झाली. ऑर्डरला वेळ आणि जागा असते, संकल्पाला नसते.

मी एकेक इशारा धरला. एकदम सगळे नाही, दोन-तीन आठवड्यांना एक.

भूक. सगळ्यात सोपी म्हणून ती पहिली. गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये फरसाणाचं पाकीट असायचं. ते बंद केलं. दुकानात आपण डोळ्यासमोर ठेवतो तेच खपतं, पोटाचंही तसंच आहे. काउंटरवर फुटाण्यांची बरणी ठेवली, पारदर्शक, हाताजवळ. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि पाणी. पहिल्या आठवड्यात बरणी कामगारांनी संपवली. आता दोन बरण्या असतात.

झोप. जेवल्यावर अडीच वाजता डोळे मिटायचे. बँकेत रोकड भरायला मी गाडीवर जायचो. ते काम जेवणानंतर घेतलं आणि चालत जायला लागलो. जाऊन-येऊन वीस मिनिटं. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हा आणखी एक फायदा. बँकेला सुट्टी असेल त्या दिवशी पोस्टापर्यंत जाऊन येतो.

राग. यावर मी हसाल असा नियम केला: उधारीचे फोन बसून करायचे नाहीत. उभं राहून, दुकानासमोरच्या कट्ट्यावर येरझारा घालत करायचे. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं चालणं होतं, आणि खरं सांगतो, उभं राहून बोललं की आवाज जरा नरम राहतो. वसुली थोडी सुधारली. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

माणसं. हे सगळ्यात अवघड होतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. पंधरा वर्षांपासून माल नेणारा वायरमन आला, त्याच्यासमोर एकच कप आला आणि मी नुसता बसलो, तर त्याला वाटतं शेठला घाई आहे, किंवा जुनी उधारी लक्षात आहे. म्हणून मी मामांना ऑर्डरच बदलून दिली. "दोन चहा" म्हटलं की त्यातला एक बिनसाखरेचा, अर्धा, वेगळ्या रंगाच्या कपात. समोरच्याबरोबर कप माझ्याही हातात असतो. त्याला हवी ती सोबत मिळते.

पण दुसरी अडचण मी धरलीच नव्हती. वेगळा कप बघून लोक विचारायला लागले, "काय शेठ, शुगर निघाली का?" एकाने विचारलं, हसून उडवलं. मग एका होलसेलवाल्यानेही विचारलं, फोनवर, पेमेंटचं बोलता बोलता. तेव्हा पोटात गोळा आला. आपल्या बाजारात मालक आजारी आहे ही बातमी मालाच्या आधी पोचते. अण्णांच्या वेळी आम्ही ते भोगलं होतं. क्रेडिट ३० दिवसांवरून रोखीवर आलं होतं. दोन दिवस मी पुन्हा साखरेचा घेतला, नुसत्या भीतीने.

मग ठरवून एक उत्तर तयार केलं, गिऱ्हाईकाच्या नेहमीच्या प्रश्नाला आपण ठेवतो तसं. कुणी विचारलं, "शुगर झाली का?" की मी म्हणतो, "होऊ नये म्हणून." बस्स. पुढे काही नाही. महिन्याभरात विचारणं थांबलं. दोन वायरमन आता मामांना सांगतात, "शेठवाला दे."

माझाच व्हिडिओ माझ्यावर उलटला

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना काउंटरच्या मांडणीचा व्हिडिओ आठवत असेल. त्यात मी छाती फुगवून सांगितलं होतं, "मालकाला गल्ल्यावरून उठावं लागू नये अशी मांडणी करा." माझं दुकान तसंच होतं. एमसीबी, होल्डर, टेप, बल्ब, बिलाचा प्रिंटर, चार्जर, पाण्याची बाटली, सगळं हाताच्या अंतरावर. एक दिवस मोबाईल खिशात ठेवून पावलं मोजली. सकाळी नऊ ते रात्री नऊ: २,१००.

सल्ला चुकीचा नव्हता. गिऱ्हाईकासाठी बरोबर होता, मालकाच्या अंगासाठी चुकीचा होता. मग मी त्यात दुरुस्ती केली. पटकन खपणारा माल जागचा हलवला नाही, कारण गिऱ्हाईकाला थांबवून माझी तब्येत सुधारायची नाही. पण ज्यात गिऱ्हाईक ताटकळत नाही अशा गोष्टी लांब नेल्या. चार्जर मागच्या भिंतीला. पाण्याचा माठ गोडाऊनच्या दारात. जावक मालाची वही काउंटरच्या दुसऱ्या टोकाला. गादीची खुर्ची काढून उंच स्टूल ठेवलं. कामगार म्हणाले, "दादा, पाण्यासाठी हेलपाटे कशाला?" आठवड्याने तेही विसरले. पावलं साडेपाच हजारांपर्यंत गेली, बँकेची फेरी धरून. जिम नाही, पहाटे उठणं नाही.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल न येईल इतपत चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटं पहाटेचीच हवीत असं कुठे लिहिलेलं नाही. जो दुकानदार रात्री दहाला घरी पोचतो त्याने पहाटे साडेपाचचा संकल्प करणं म्हणजे भर पावसाळ्यात रंगाचा माल भरण्यासारखं आहे.

रात्रीचं जेवण, आणि घरातलं राजकारण

आता दुखरी गोष्ट. शटर नऊला पडतं, हिशोब साडेनऊपर्यंत, घरी पावणेदहा, जेवण दहाला, अकराला झोप. दिवसभराची भूक त्या एका ताटावर निघायची: तीन भाकऱ्या, भाजी, वर भात-आमटी. मग तसंच आडवं.

उपाय सरळ दिसत होता. साडेसातला दुकानातच डबा खायचा, घरी आल्यावर नुसतं ताक. मी घरी सांगितलं आणि आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दिवसातून एकदा सगळे एका वेळी बसतो, तेवढंही नको झालं का?" बायकोचं म्हणणं वेगळं आणि तितकंच खरं होतं: "डाएट तुझं, पण डबा आणखी एक माझ्याकडे."

कुठल्याच हेल्थच्या पुस्तकात हे पान नसतं. आपल्या सवयी घरातल्यांच्या कामाला आणि प्रेमाला बांधलेल्या असतात. एक दोरी ओढली की दुसरीकडे कुणाला तरी काचते.

आम्ही असं ठरवलं. डबा सकाळच्याच भाजी-भाकरीतून भरायचा, आणि तो मी भरायचा, मीच धुवायचा. एकत्र बसायचं ते सकाळी आठला, न्याहारीला, मोबाईल बाजूला ठेवून. आणि दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला रात्रीचं जेवण घरीच, आईच्या वेळेने. आई पूर्ण खूश आहे असं म्हणणार नाही. आजही कधी कधी घरी गेलो की ताट झाकून ठेवलेलं असतं. तेव्हा मी चार घास खातो. तेवढं मी हिशोबात धरलेलं आहे.

दिवाळीचा खड्डा

सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पुन्हा टेस्ट केली. एचबीए१सी ६.२ वरून ५.८. वजन ८४ वरून ७९ किलो. कंबर ९९ सेंटिमीटरवरून ९३. (आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर कंबर धोक्याची धरतात. टेलरची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत मोजा, पोट आत ओढू नका.)

मग दिवाळी आली. सीझन, रात्री अकरापर्यंत दुकान, प्रत्येक गिऱ्हाईकाबरोबर फराळ, डबा बंद, बँकेत जायला वेळ नाही. दहा-बारा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर तोंड पाडून बसलो होतो. अण्णा शेजारी येऊन बसले. पायातला खास बूट काढून त्यांनी रोजच्यासारखी बोटांची तपासणी केली, उरलेल्या आठ बोटांची, आरसा धरून. ही त्यांची सवय सोळा वर्षांची आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोहनी झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी शटर उघडत नाहीस का?"

दुसऱ्या दिवशी मी फुटाण्याची बरणी भरली. फक्त तेवढंच. डबा चार दिवसांनी सुरू झाला.

फेब्रुवारीत ५.९ आलं, गेल्या महिन्यात पुन्हा ५.८. कंबर ९२. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे. पण घराच्या बाहेरच्या बाजूला सरकलोय.

तुम्ही म्हणाल, एवढ्या खटाटोपाचा फायदा किती? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं आणि खाणं बदललेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे ही हमी नाही. शंभरातले सोळा जण वाचले. पण मला सांगा, धंद्यात शंभरात सोळा जास्त मिळत असतील तर तुम्ही सोडाल का?

तीन गोष्टी सांभाळून

एक. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ किंवा प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दोन. तंबाखू, मावा, गुटखा याला वरचं गणित पूर्ण लागू होत नाही. तिथे निकोटिनचं व्यसन असतं आणि मदत लागते. त्यात कमीपणा नाही. सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६. तोच नंबर तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो.

तीन. घरात कुणाला मधुमेह असेल आणि तुमचं वय तिशीच्या पुढे असेल, तर काही होत नसलं तरी वर्षातून एकदा टेस्ट करा. मी इन्शुरन्सच्या निमित्ताने अडखळलो म्हणून मला कळलं. तुम्ही निमित्ताची वाट बघू नका.

या आठवड्याचं काम

आता नेहमीप्रमाणे गृहपाठ. आजपासून काही सोडू नका. चहा सोडू नका, भात सोडू नका, बूट घेऊ नका.

1. एक सवय निवडा. चहा, फरसाण, रात्रीचं उशिराचं जेवण, काहीही.
2. सहा दिवस बिल बुकाच्या मागे रेघा मारा. प्रत्येक रेघेपुढे दोन शब्द: का घेतलं.
3. सातव्या दिवशी बेरीज करा आणि 'का' प्रमाणे गट पाडा.
4. त्यातला सगळ्यात सोपा एक गट घ्या. "अमुक झालं, की मी तमुक करेन" असं एक वाक्य लिहून गल्ल्याच्या आत चिकटवा.
5. ज्यांच्या कामावर त्याचा भार पडणार आहे त्यांना आधी विचारा. घरचे, कामगार, टपरीवाले मामा, सगळे.

एवढंच. पुढचा गट दोन-तीन आठवड्यांनी. मध्ये एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी शटर उघडा.

तुमच्या रेघा किती निघाल्या आणि 'का' काय निघाला ते मला नक्की कळवा. मला तुमच्या वजनात रस नाही, तुमच्या 'का' मध्ये आहे. आणि हा लेख दुकानात बसणाऱ्या एखाद्या मित्राला, भावाला, वडिलांना वाचून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, चहा घेता घेता दाखवला तरी चालेल. अर्धा, बिनसाखरेचा.

पुढच्या भागात उधारीचे फोन: काय बोलायचं, कधी बोलायचं आणि उभं राहूनच का बोलायचं. भेटू.